नोव्हेंबरातला मध, फेब्रुवारीतली साखर

१७ जानेवारी, शुक्रवार

हिवाळ्यात पेटी उघडायची घाई करायची नाही. साडेआठला बागेत पोचले तेव्हा समुद्राकडून गार वारा येत होता आणि आठही पेट्यांच्या दारांत जेमतेम चार-दोन माशा दिसत होत्या. म्हणून आज एकही झाकण काढलं नाही. नुसती वजनं घेतली.

वजनासाठी मी बॅगा तोलायचा काटा वापरते. आखातातल्या प्रत्येक भारतीय घरात तो असतोच. त्याचा हूक पेटीच्या मागच्या बाजूने तळपाटाखाली अडकवायचा, पेटी बोटभर उचलायची, काट्यावर येईल ते वाचायचं आणि दुप्पट करायचं. पेटीचं वजन साधारण कळतं. दहा फ्रेमची माझी पेटी लाकूड, मेण, माशा आणि झाकण धरून १७ किलोच्या आसपास भरते. त्यावर जे असेल तो मध. पहिली, दुसरी आणि पाचवी यांत नऊ-दहा किलो मध आहे. चौथी, सहावी आणि आठवी यांत सातेक किलो. तिसरीचा काटा ९ वर थांबला, सातवीचा साडेनऊवर. म्हणजे तिसरीत किलोभर मध आणि सातवीत दोन किलो. पुढचे सहा आठवडे जायला तो पुरणार नाही.

या दोन पेट्या डिसेंबरात एका कायमचं भारतात परतणाऱ्या गृहस्थांकडून घेतल्या. सिद्रचा मध त्यांनी निघण्याआधी शेवटच्या फ्रेमपर्यंत काढून घेतला होता. सिद्र म्हणजे बोरीच्याच कुळातलं झाड. इथे ते पावसाळा नसलेल्या शरदात फुलतं आणि त्याचा मध नोव्हेंबरात तयार होतो. आखातात त्याला जो भाव मिळतो तो दुसऱ्या कुठल्या मधाला नाही. मोह समजू शकते. पण माशांनी तो मध विकण्यासाठी साठवलेला नसतो. आता येणाऱ्या या दिवसांसाठीच त्यांनी तो साठवला होता.

१८ जानेवारी, शनिवार

बहरीनमधल्या बुदैयाच्या वनस्पती उद्यानात हिवाळ्यातले शनिवार शेतकऱ्यांच्या बाजाराचे. सकाळी जाऊन मुळा, कोथिंबीर, टोमॅटो आणि जरजीर या पालेभाजीच्या जुड्या आणल्या. मधाच्या टेबलांशी गर्दी होती. ओळखीच्या दोघीतिघींनी विचारलं, तुमच्याकडे सिद्र आहे का? नाही म्हटलं. एक बरणी आहे, पण ती माशांची आहे.

जरजीर विकणाऱ्या शेतकऱ्याला वाफ्याचा एक कोपरा न कापता फुलावर सोडायला सांगितलं. त्याने हसून मान हलवली. दोन वाफे तसेही कडू होऊन गेलेत म्हणाला.

२४ जानेवारी, शुक्रवार

दुपारी बारा. वारा पडलेला, ऊन स्वच्छ, तापमान विशीच्या वर. आज सगळ्या पेट्या उघडल्या.

थंड देशांतली पुस्तकं वाचून इथे मधमाश्या पाळायला घेतल्या की माणूस गोंधळतो. त्या पुस्तकांत माशा महिनोन्महिने एकमेकींना बिलगून गोळा करून बसतात, राणी अंडी घालायची थांबते, बाहेर बर्फ असतो. बहरीनमध्ये जानेवारीच्या रात्री चौदा-पंधरा अंशांच्या, दिवस विशीचे. माशा बहुतेक दुपारी उडतात. राणी अंडी कमी करते, बंद करत नाही. आणि धोका तिथेच आहे. जिथे पिलावा, म्हणजे अंडी, अळ्या आणि कोष, आहे तिथे मध्यभागी ३४-३५ अंश उष्णता अहोरात्र राखावी लागते आणि ती उष्णता माशा मध खाऊन, पंखांचे स्नायू थरथरवून तयार करतात. अळ्यांना चारायचं ते वेगळंच. जुने मधपाळ सांगतात की एक फ्रेम पिल्लं वाढवायला एक फ्रेम मध आणि एक फ्रेम पराग लागतो. बाहेर फुलं नसताना पिलावा वाढला की पेटी आतून रिकामी होत जाते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला ती उत्तम चाललेली दिसते.

पाचवी पेटी पाहून मन भरलं. सात फ्रेमवर माशा, चार फ्रेमवर पिलावा, घरटी मधोमध सलग बंद झालेली, भोवती परागाची कड आणि वर मधाची कमान. दुसरी तशीच. सहावीत मध भरपूर, पण सगळा पश्चिमेच्या भिंतीला, आणि माशा पूर्वेला. मध्ये दोन रिकाम्या फ्रेम. गार रात्री त्या रिकाम्या फ्रेम ओलांडून माशा मधापर्यंत जात नाहीत. मध असूनही पेट्या उपाशी मरतात त्या अशाच. दोन भरलेल्या फ्रेम उचलून पिलाव्याला लागून ठेवल्या. साखरेचा एक कणही न लागता सहावीचं काम झालं.

तिसरी वाईट आहे. दोन फ्रेम माशा, तळहाताएवढा पिलावा, तोही विखुरलेला, एक घर बंद तर शेजारची तीन रिकामी. राणी दिसली, पण म्हातारी, पंख झिजलेले. सातवीत राणी चांगली आहे. तीन फ्रेमवर अंड्यांची ओळ नीट, घराच्या तळाशी एकेक उभं अंडं. कमी आहे ते फक्त अन्न.

मग पिठीसाखरेची तपासणी. राणी नसलेल्या पिलाव्याच्या फ्रेमवरून अर्धा कप माशा, म्हणजे साधारण तीनशे, जाळीच्या झाकणाच्या बरणीत घ्यायच्या, दोन चमचे पिठीसाखर टाकून हलक्या हाताने घोळवायच्या आणि जाळीतून साखर पांढऱ्या ताटात झटकायची. व्हॅरोआ या परजीवी माइटचे पाय साखरेने सुटतात आणि ती लालसर ठिपक्यांसारखी ताटात पडते. माशा जिवंत परत पेटीत जातात. दुसरीत चार निघाल्या. आठवीत अकरा. शंभर माशांमागे तीनच्या वर गेलं की थांबायचं नाही. आठवीत आजच थायमॉलच्या पट्ट्या ठेवल्या. ओव्याला ज्याचा वास असतो तेच हे द्रव्य; पेटीवर वाकल्यावर दुखऱ्या पोटाला आईने दिलेला ओवा आठवतो. मधकोठी चढवायच्या आधी पट्ट्या निघाल्या पाहिजेत, म्हणून हे काम फेब्रुवारीपर्यंत लांबवता येत नाही.

२५ जानेवारी, शनिवार

आबांशी फोनवर बोलले. आबांच्या सातेरीच्या, म्हणजे आपल्या देशी मधमाशीच्या, पेट्या महाबळेश्वराच्या उताराला. तिथे उपासमारीचा काळ हिवाळा नाहीच. हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला तिथे गेळा, हिरडा, जांभूळ असं एकामागून एक फुलत राहतं. सात-आठ वर्षांनी कारवी फुलली तर मग बोलायलाच नको. तिथे मारतो तो पाऊस. चार महिन्यांत पाच-सहा हजार मिलिमीटर कोसळतो, माशा दारातून बाहेर पडू शकत नाहीत आणि आबा आषाढ-श्रावणात साखरपाणी देतात. इथे वर्षभराचा पाऊस सत्तर-ऐंशी मिलिमीटर. दोन टोकांच्या दोन गावांत माशीला एकाच कारणाने भूक लागते: दार उघडं आहे, पण बाहेर जाता येत नाही.

तिसऱ्या पेटीचं सांगितल्यावर आबा म्हणाले, "पोरी, आपली सातेरी असती तर एव्हाना उठून गेली असती. तिला घरात खायला नसलं की ती घर सोडते. तुझी ती मेलिफेरा जायची नाही. तिथंच बसून मरेल."

खरं आहे. सातेरी आपला निर्णय आपण घेते. मेलिफेराचा निर्णय घ्यावा लागतो तो पाळणाऱ्याला. पंजाबात साठच्या दशकात ही माशी आणली गेली तेव्हापासून भारतात तिने भरपूर मध दिला, पेट्या ट्रकवर चढून सरसोंच्या, सूर्यफुलाच्या शेतांमागे फिरू लागल्या. पण सांभाळही तितकाच मागते. इथे आखातात बऱ्याच पेट्या इजिप्तहून येतात, त्याही मेलिफेराच्याच. आबांना मांघरचं विचारलं. २०२२ साली ते देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, तेव्हा आबा कार्यक्रमाला गेले होते. पाहुणे वाढलेत म्हणाले. फुलं वाढायला हवीत.

३१ जानेवारी, शुक्रवार

तिसरी, सातवी आणि जरा हलकी वाटणारी चौथी यांच्यासाठी साखरपाणी केलं.

एक किलो साखर, एक लिटर पाणी. पाणी उकळायचं, गॅस बंद करायचा, मग साखर घालून विरघळेपर्यंत ढवळायचं. साखर घातल्यावर पुन्हा आच द्यायची नाही. पाक करपला, तांबूस झाला की त्यात जे तयार होतं ते माशांच्या पोटाला विष आहे. लिंबू पिळायचं नाही, त्यानेही तेच होतं. गूळ नको, काकवी नको. माणसाला गूळ पौष्टिक, पण त्यातले क्षार आणि मळी माशीला पचत नाहीत आणि गार दिवसांत बाहेर उडता येत नसताना तिचं पोट बिघडलं तर पेटीच्या आत घाण होते. हाजींनी मोठ्या मनाने खजुराचं दिब्स, म्हणजे खजुराचा दाट पाक, देऊ केलं होतं. बागेचे ते मालक, सगळे त्यांना हाजीच म्हणतात. दिब्स त्यांच्या आजोबांच्या वेळेपासून या घरात होतं, आणि बहरीनच्या किल्ल्यात तर खजुराचा रस गाळायच्या शेकडो वर्षांपूर्वीच्या खोल्या सापडल्यात. त्यांना काय आणि कसं सांगावं, या विचारात होते. शेवटी जे आहे ते सांगितलं: गार दिवसांत हेही त्यांना जड जाईल, उन्हाळ्यात बघू. त्यांनी ऐकून घेतलं आणि अर्धी बाटली मला घरी खायला दिली.

बाजारातला मध तर कधीच द्यायचा नाही. फाउलब्रूड या पिलाव्याच्या रोगाचे बीजाणू मधात कित्येक वर्षं जिवंत राहतात आणि एका बरणीतून सगळी बाग जाऊ शकते.

आता पातळ द्यायचं की दाट, याचा विचार. साठवण करायची असेल तर दोनास एक असं दाट, आणि तेही शरदात. या दिवसांत पातळ दिलं की माशांना वाटतं बाहेर मकरंद सुरू झाला, आणि राणी अंडी वाढवते. म्हणजे पातळ साखरपाणी हे अन्न आहे आणि निरोपही. चुकीच्या वेळी निरोप दिला की पिलावा वाढतो आणि फुलं उशिरा येतात. म्हणून चौथीला दिलं ते थोडं, वजनापुरतं. पाचवीला आणि दुसरीला काहीच नाही. त्यांच्याकडे त्यांचा मध आहे आणि सिद्रच्या मधाची बरोबरी साखर करू शकत नाही.

सूर्य कलल्यावर डबे ठेवले. दिवसा ठेवले तर वासावर शेजारच्या पेटीतल्या माशा लुटायला येतात आणि दुबळी पेटी तासाभरात ओरबाडली जाते. तिसरीचं दार दोन माशा जातील एवढंच उघडं ठेवलं. एक थेंब जमिनीवर सांडला तिथे माती ओढली. मुंग्यांसाठी स्टँडच्या पायांखालच्या वाट्यांत पाणी आणि वर तेलाचा तवंग. बागेतला माळी सिल्हेटचा. त्याने डब्यात तरंगायला खजुराच्या झावळीच्या काड्या चिरून दिल्या, म्हणजे माशा बुडत नाहीत.

४ फेब्रुवारी, मंगळवार, रथसप्तमी

शेजारच्या कंपाउंडमधल्या बाईंनी निरोप पाठवला की त्यांच्या पोहायच्या तलावावर माशा येतात. त्यांचं म्हणणं रास्त आहे, लहान मुलं आहेत. माशांना साखरेइतकंच पाणी लागतं. घट्ट मध पातळ केल्याशिवाय अळ्यांना भरवता येत नाही, आणि एकदा का त्यांना एक पाणवठा सापडला की त्या तोच धरतात. संध्याकाळी पेट्यांच्या दक्षिणेला मातीच्या दोन पसरट कुंड्या ठेवल्या, आत खडे, वर गोणपाट. सुरुवातीला पाण्यात चिमूटभर मीठ घातलं. किंचित खारट पाण्याकडे त्या लवकर वळतात. पेट्या तलावापेक्षा कुंड्यांना जवळ आहेत, पण सवय मोडायला आठवडा तरी लागेल. बाईंना तसं सांगून आले. बरोबर तिळगूळही नेला.

इथून पूर्वेला थोड्या अंतरावर बारबारचं देऊळ आहे. डॅनिश संशोधकांनी १९५४ साली ते वाळूखालून उकरायला घेतलं. चार हजार वर्षांहून जुनं. ते बांधलं गेलं गोड्या पाण्याच्या एका झऱ्याभोवती, जमिनीखालच्या गोड्या पाण्याच्या देवासाठी. या किनाऱ्याची सगळी शेती, सगळ्या खजुराच्या बागा अशाच झऱ्यांवर वाढल्या. आता झरे आटलेत, विहिरी खारावल्यात आणि बऱ्याच बागांना शुद्ध केलेलं सांडपाणी येतं. हाजींची बाग टिकली आहे, पण त्यांच्या लहानपणी जिथे ते पोहायचे तिथे आता रस्ता आहे. माशांच्या कुंड्या भरताना नळ सोडते तेव्हा हे दर वेळी मनात येतं. समुद्राचं पाणी गोडं करून आणलेलं हे पाणी आहे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सातवीने डबा चाटूनपुसून रिकामा केला. तिसरीने अर्धाही नाही. माशाच इतक्या कमी की साखरपाणी फ्रेमपर्यंत वाहून न्यायला हात नाहीत. असं झालं की आणखी खायला घालण्यात अर्थ नसतो. दुबळ्या पेटीला जगवण्यात महिना घालवायचा आणि ती मार्चमध्ये तशीही बसायची. त्यापेक्षा तिच्या माशा दुसरीकडे कामाला येऊ देत.

राणी काढावी लागली. दोन राण्या एका पेटीत ठेवल्या तर त्या लढतात आणि चांगली राणीच मेली तर सगळंच गेलं. तिला हातात घेतली तेव्हा ती शांत होती. या कामाला सोपा शब्द नाही, आणि शोधूही नये. एकदाच, पटकन करायचं.

८ फेब्रुवारी, शनिवार

संध्याकाळी दोन्ही पेट्या एक केल्या. सातवीचं झाकण काढून वर गल्फ डेली न्यूजचं एकच पान पसरलं, पटाशीच्या टोकाने त्याला आठ-दहा बारीक छिद्रं पाडली आणि त्यावर तिसरीचा डबा फ्रेमसकट ठेवला. कागद कुरतडायला त्यांना दोन-तीन दिवस लागतात. तोवर दोन्हीकडचे वास मिसळतात आणि माशा एकमेकींना परक्या समजत नाहीत. कागदाशिवाय थेट एकत्र केल्या तर सकाळी मेलेल्या माशांचा ढीग दिसतो. तिसरीच्या जुन्या जागेवर उडत परतलेल्या काही माशा शेजारच्या दुसरीत आणि चौथीत शिरतील. पायांना पराग असलेल्या माशीला सहसा कोणी अडवत नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

दारासमोर वर्तमानपत्राचा भुसा पडलेला. एकत्र आल्या.

आजची मोठी गोष्ट दुसरीच. हाजींच्या बागेतल्या एका फहलची, नर खजुराची, पहिली पेंड फुटली. तपकिरी आवरण चिरलं की आत पांढऱ्या बारीक फुलांचा झुपका असतो आणि बोट लावलं की पीठ हाताला लागतं. मादी झाडावर माशा फारशा जात नाहीत. तिथे काम माणसाचं: पंचवीस-तीस मादी झाडांना एक नर पुरतो, त्याच्या काड्या मादीच्या पेंडेत खोचायच्या आणि बांधायच्या. हाजींचा पुतण्या कंबरेला कर अडकवून वर चढला होता. खोडाच्या खाचेत पाय, पाठीमागे दोराचा पट्टा आणि दोन्ही हात मोकळे. खालून हाजी सांगत होते, ही खलास, ही खुनैझी, ही मर्झबान, हिला अजून चार दिवस. नराच्या पेंडेवर मात्र माशांची झुंबड. दुपारी पाचवीच्या दारात उभी राहिले तर दर दहापैकी सहा-सात माशांच्या मागच्या पायांवर फिक्या साय-रंगाच्या गोळ्या.

हाच तो क्षण ज्याची पिलावा वाट पाहतो. साखरेने माशांना ऊर्जा मिळते, पण अळीचं शरीर परागातूनच घडतं. जिथे या दिवसांत पराग नसतो तिथे सोयाचं पीठ आणि यीस्ट मळून देतात. बुदैयात ते करायची गरज नाही, जोवर इथे खजूर आहे.

नराची रिकामी आवरणं हाजींच्या घरी जातील आणि त्यांचं अर्कपाणी निघेल. उन्हाळ्यात ते थंड पाण्यात घालून पाहुण्यांना देतात. मागच्या वर्षी मीही प्याले आहे. मोहक, किंचित कडवट वास.

२३ फेब्रुवारी, रविवार

शमाल सुटला. वायव्येचा वारा, धुळीने आभाळ पांढरं, खजुरांची डोकी एका दिशेला. हाजींनी काल संध्याकाळीच सांगितलं होतं आणि आम्ही झाकणांवर विटा ठेवल्या.

हीच ती वेळ, जिची मला जानेवारीपासून काळजी होती. गेल्या दहा दिवसांत नर खजुराच्या परागावर पिलावा दुप्पट झाला आहे. सातवीत पाच फ्रेमवर अळ्या. हजारो तोंडं, आणि एकही माशी बाहेर जाऊ शकत नाही. अशा वाऱ्यात पातळ साखरपाणी द्यायचं नाही; ते गार पडतं, माशा घेत नाहीत आणि आत ओल वाढते. त्याऐवजी मधात मळलेल्या पिठीसाखरेची वडी. सिद्रची ती एक बरणी याचसाठी ठेवली होती. पिठीसाखरेत कोमट मध थोडा थोडा घालून घट्ट गोळा मळला, चपटा थापला आणि पिलाव्याच्या बरोबर वर, फ्रेमच्या माथ्यावर ठेवला. सातवीला एक, चौथीला एक. झाकण उघडून बंद करेपर्यंत मिनिटभरही लागू दिलं नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

वारा तसाच. शाळेतून येताना बागेत गेले आणि फक्त काटा लावला. सातवी दोन दिवसांत जवळपास अर्धा किलो उतरली. चौथीच्या तळपाटावर चार-पाच पांढऱ्या, अर्धवट वाढलेल्या नर माशांच्या पिल्लांचे तुकडे होते. अन्न कमी पडतंय असं वाटलं की कामकरी माशा आधी नरांची पिल्लं बाहेर काढतात. ही खूण ओळखता आली पाहिजे. चौथीला आणखी एक वडी दिली. पाचवी, पहिली आणि दुसरी यांच्या दारात काहीही नाही. त्यांच्या डोक्यावर नोव्हेंबरचा मध आहे.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

वारा काल पडला. उद्यापासून रमजान. हाजींना आगाऊ शुभेच्छा दिल्या. त्यांनी विचारलं, माशांचा रोजा सुटला का? सुटला म्हटलं.

सगळ्या पेट्या पाहिल्या. एकही गेली नाही. आठवीची पिठीसाखरेची तपासणी पुन्हा केली: दोन माइट. पट्ट्या काढल्या. शेवग्याला फुलं आली आहेत, आमच्या गल्लीतल्या मराठी-मल्याळी घरांच्या कुंपणांवर सगळीकडे. जरजीरचा सोडलेला कोपरा पिवळसर-पांढऱ्या फुलांनी भरला. हाजींच्या जतच्या वाफ्यालाही, म्हणजे लसूणघासाला, जांभळे तुरे येतायत. मशमूमची रोपं, आपल्या तुळशीची सख्खी बहीण, माळ्याने दोन ओळी फुलावर ठेवल्यात.

७ मार्च, शुक्रवार

फ्रेमच्या माथ्यावर पांढरंशुभ्र नवं मेण. जुन्या मळकट घरट्यांच्या कडा माशांनी उजळवल्यात. बाहेर मकरंद सुरू झाल्याची याहून खात्रीची खूण नाही. आज सगळे डबे उचलले, वड्यांचे उरलेले तुकडेही. पुढे एक थेंब साखर पेटीत गेली तर ती मधकोठीत जाईल आणि लोकांच्या बरणीत मध म्हणून उतरेल. पाचवी, दुसरी आणि पहिलीवर मधकोठी चढवली. सातवीवर नाही. तिला हा वसंत तिच्यासाठीच.

वहीच्या मागच्या पानावर लाल पेनने लिहून ठेवलं: सिद्रचा मध काढताना प्रत्येक पेटीत भरलेल्या, बंद केलेल्या चार फ्रेम राहतील. चार म्हणजे दहा-बारा किलो. फेब्रुवारीत ज्यांना मी हात लावला नाही त्या पेट्या हेच खाऊन उभ्या राहिल्या. भाव कितीही असो. ज्यांना मध हवा त्यांना मे महिन्यात देता येईल. शमी, वेडी बाभूळ आणि कडुनिंबाचा.

२८ मार्च, शुक्रवार

कडुनिंब फुलला. परवा पाडवा, फुलं घरी आणली. ईदही त्याच सुमाराला.

सकाळी तारेवर वेड्या राघूच्या जातीचे पाच पक्षी बसले होते, निळे-हिरवे, उत्तरेकडे निघालेले. थव्यातल्या एकेकाने माझ्या डोळ्यांदेखत माशी टिपली आणि तारेवर आपटून काटा काढला. त्यांच्या प्रवासात त्यांनाही खायचंय. ते असेपर्यंत भर दुपारी पेट्या उघडणार नाही, म्हणजे माशांची गर्दी हवेत राहणार नाही. आठ-दहा दिवसांत ते जातील. पाचवीत राणीची दोन घरं दिसली, म्हणजे थवा फुटायच्या तयारीत आहे. तिच्या तीन फ्रेम नव्या पेटीत काढल्या आणि तिसरीच्या मोकळ्या स्टँडवर ठेवल्या.

आता उन्हाळ्याची तयारी. जूननंतर पारा चाळिशी ओलांडतो, माशा दिवसभर पाणी वाहतात आणि पंखांनी वारा घालतात. तेव्हा सावली नसेल तर मेण वितळतं. हाजी म्हणाले, ईदनंतर झावळ्या छाटायच्या आहेत, त्यांची बरस्ती, म्हणजे सावलीचं छप्पर, घालू. आज खांबांच्या जागा माळ्याबरोबर मोजल्या, दक्षिणेला तीन, पश्चिमेला दोन. खड्डे पुढच्या शुक्रवारी.